मशीन ०.०१ दाखवतं, तरी तक्रार का येते? तांब्यावरून फायबरवर येणाऱ्या कंत्राटदारासाठी

प्रश्न थोडक्यात असा. अठरा वर्षं कोॲक्स (टीव्हीची) आणि कॅट-सिक्स (नेटवर्कची) या तांब्याच्या केबलची कामं घेणारे एक कंत्राटदार फायबर स्प्लायसिंग, म्हणजे काचेच्या तंतूंची टोकं वितळवून जोडणं, शिकतायत. दोन दिवसांचं प्रशिक्षण झालं, मागून आणलेल्या मशीनवर पहिली दोन-तीन कामंही केली. मशीन प्रत्येक जॉइंटला ०.०१ नाहीतर ०.०२ डीबी लॉस, म्हणजे वाटेत वाया जाणारा प्रकाश, दाखवत होतं, तरी तक्रारी आल्याच. त्यांनी तीन गोष्टी विचारल्यात: मशीन कोणतं घ्यावं, शिकायला किती दिवस लागतात, आणि पंचेचाळिशीत हात बसतो का.

मशीनचं आधी उरकून टाकतो, कारण त्यात फारसं काही नाही. फायबरच्या गाभ्यावरून जुळवणी करणारं मशीन महाग असतं, बाहेरच्या काचेवरून जुळवणारं स्वस्त. लांब पल्ल्याच्या मुख्य लाइनचं काम करणार असाल तर पहिलं, घरोघरच्या जोडण्या करणार असाल तर दुसरं पुरतं. पण पहिले सहा महिने मशीन विकत घेऊच नका, भाड्याने किंवा उसनं वापरा. हात आखडता न घेता पैसे घालायचे असतील तर चांगल्या क्लिव्हरवर, म्हणजे फायबरचं टोक सपाट तोडणाऱ्या हत्यारावर, घाला. मशीन उत्तम आणि क्लिव्हर बोथट, अशा जोडीवर मी वर्षभर काम केलंय आणि त्या वर्षभर मशीनलाच शिव्या घातल्यात.

आता तुमच्या तक्रारींकडे येतो. मशीनच्या पडद्यावर दिसणारा आकडा मोजलेला नसतो, तो अंदाज असतो. मशीन कॅमेऱ्यातून जॉइंटचं चित्र बघतं आणि त्यावरून लॉस किती असावा ते सांगतं. त्या फायबरमधून प्रकाश किती गेला हे त्याला ठाऊकच नसतं. जॉइंट झाल्यावर तुम्ही तो स्लीव्हमध्ये, म्हणजे त्याला जपणाऱ्या नळीत, घातला, जॉइंट ठेवायच्या ट्रेमध्ये बसवला, वेटोळं घातलं, झाकण लावलं. या चार पायऱ्यांत जे बिघडलं ते मशीनला कसं कळणार? आणि जॉइंटच्या आधी फायबर सोलताना जो ओरखडा पडला, तो बऱ्याचदा त्या दिवशी दिसतही नाही. दोन-चार महिन्यांनी थंडी-उन्हाने केबल ताणली-आखडली की फायबर नेमकं तिथेच तुटतं.

तुम्हाला शिकायचंय ते काम मशीनच्या आधीच्या पाच मिनिटांत आणि मशीननंतरच्या दहा मिनिटांत आहे. मधले दहा सेकंद मशीन स्वतःच सांभाळतं.

तांब्याची एक सवय मात्र सोडावी लागेल. केबल लावली, चित्र आलं, नेट सुरू झालं, काम संपलं. तांब्यात हे बरंचसं चालून जातं. फायबरमध्ये 'चालू झालं' याचा अर्थ फार थोडा असतो. एक हिशेब मांडून दाखवतो, म्हणजे मुद्दा कळेल.

समजा घरगुती फायबरची लाइन आहे. मुख्य केंद्रातून +३ डीबीएम प्रकाश निघतो (डीबीएम हे प्रकाशाच्या ताकदीचं माप). वाटेत एकाचे बत्तीस करणारा स्प्लिटर आहे, तो साधारण १७ डीबी खातो. ८ किलोमीटर फायबर, किलोमीटरला पाव डीबी धरा, म्हणजे २. सहा जॉइंट, प्रत्येकी ०.०५ धरले तर ०.३. चार कनेक्टर, प्रत्येकी ०.३ म्हणजे १.२. बेरीज २०.५. तेव्हा घरात मीटर लावल्यावर उणे १७.५ च्या आसपास आकडा यायला हवा. तुमच्या मीटरवर उणे २१ आला. घरातलं उपकरण उणे २७ पर्यंत काम करतं, त्यामुळे दिवा हिरवा आहे, ग्राहक खूश आहे, तुम्ही सामान आवरायला घेतलंय. पण साडेतीन डीबी कुठे गेले? तीन डीबी म्हणजे निम्मा प्रकाश. वाटेत कुठेतरी अर्ध्याहून जास्त प्रकाश सांडतोय आणि कोणालाच पत्ता नाही. उद्या कनेक्टरवर थोडी धूळ बसली, परवा फायबर आणखी जरा वाकलं, की तक्रार आलीच. ती आली की म्हणायचं, 'लावलं तेव्हा तर चालत होतं.'

म्हणून कामाला निघण्यापूर्वी हा हिशेब कागदावर मांडायचा. आकडा किती यायला हवा हे आधी लिहायचं, मग मीटर लावायचा. उलट क्रमाने केलं तर मन कुठल्याही आकड्याला 'ठीक आहे' म्हणतं. तीनला निम्मं आणि दहाला एक दशांश, एवढं डोक्यात असलं की बाकीचा डीबी आपोआप जमतो. जाता जाता सांगतो: १९६६ मध्ये चार्ल्स काओ आणि जॉर्ज हॉकहॅम यांनी मांडलं की किलोमीटरला २० डीबीपर्यंत लॉस आणता आला तर काचेतून दूरसंचार शक्य आहे. २० डीबी म्हणजे एका किलोमीटरनंतर शंभरातला एक भाग शिल्लक, आणि तेवढंही तेव्हा कोणाला जमत नव्हतं. १९७० मध्ये कॉर्निंगने तो टप्पा ओलांडला. आज तुमच्या हातातल्या फायबरमधून १५५० नॅनोमीटर तरंगलांबीला एका किलोमीटरनंतर शंभरातले पंचाण्णव भाग पलीकडे पोचतात. इतकी निर्मळ काच, आणि आपण तिच्यावर बोटाचं तेल लावतो.

आता ती आधीची पाच मिनिटं.

स्लीव्ह पहिल्यांदा. फायबर सोलायच्याही आधी स्लीव्ह एका बाजूला ओवायची. हे ऐकताना तुम्ही हसाल, आणि पहिल्या महिन्यात किमान चार वेळा विसराल. जॉइंट झकास झालेला असतो, मशीन शाबासकी देतं, आणि स्लीव्ह टेबलावर तशीच पडलेली असते. मग जॉइंट तोडून पुन्हा सुरुवात. माझ्याकडे नवीन येणाऱ्या पोराला मी दिवसाच्या स्लीव्ह मोजून देतो आणि संध्याकाळी मोजून परत घेतो. किती वेळा विसरला ते त्याला वेगळं सांगावं लागत नाही.

मग सोलणं. २५० मायक्रॉनचा थर काढला की आत १२५ मायक्रॉनची काच राहते आणि तिच्या मधोमध साधारण ९ मायक्रॉनचा गाभा. स्ट्रिपर किंचित तिरका धरून तीन-चार सेंटीमीटर एकाच ओढीत काढायचे. पुन्हा पुन्हा खरवडलं की काचेला ओरखडे पडतात. पुसण्यासाठी ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सोडणारा कागद. शर्टाचं टोक नाही, टिश्यू नाही, आणि औषधाच्या दुकानातलं पाणी मिसळलेलं स्पिरिट तर नाहीच. स्वच्छ झालेली काच पुसताना बारीक 'चीं' असा आवाज येतो. तो येईपर्यंत पुसायचं, आणि आला की थांबायचं. क्लीव्ह केल्यानंतर मात्र पुन्हा पुसायचं नाही. कापलेल्या टोकाला कागद लागला की टोकावर कचरा बसलाच.

क्लीव्ह हा या धंद्याचा खरा कस आहे. बरेच जण म्हणतात, 'काच कापली.' काच कापत नाहीत. पात्याने तिच्यावर एक बारीक चीर पाडतात आणि ताणाने ती तिथे तुटते. तुटलेलं तोंड आरशासारखं सपाट हवं आणि त्याचा कोन एका अंशाच्या आत, जमलं तर अर्ध्या अंशाच्या आत. मशीन हा कोन दाखवतं, पण नवखा माणूस तो न वाचताच बटण दाबतो. तुम्ही दरवेळी पडद्यावरची दोन्ही टोकं बघा. एका टोकाला ओठासारखा पुढे आलेला भाग दिसतोय का, कोपऱ्यातून टवका उडालाय का, कडा धुरकट आहे का? यातलं काही दिसलं तर मशीन 'चालेल' म्हणालं तरी पुन्हा कापा. एकामागून एक टोकं तशीच बिघडायला लागली तर हाताचा दोष नाही, पात्याचा आहे. गोल पात्याला बहुतेक सोळा घरं असतात, ते एक घर फिरवा. किती क्लीव्ह झाले याची नोंद क्लिव्हरच्या डबीवर पेन्सिलने ठेवा.

तुटून पडलेले तुकडे टेबलावरून हाताने झटकायचे नाहीत. ही काचेची कुसळं त्वचेत शिरली की दिसत नाहीत आणि निघतही नाहीत. काळं कापड अंथरा, तुकडे चिकटपट्टीला लावून झाकणाच्या डबीत टाका, चष्मा लावा, त्या टेबलावर चहा ठेवू नका. उजव्या तर्जनीत शिरलेलं एक कुसळ मी तीन आठवडे वागवलंय, म्हणून एवढं बजावतो.

यानंतर फायबर मशीनमध्ये अलगद ठेवायचं, टोक कुठे घासू द्यायचं नाही, झाकण लावायचं. एवढंच. जागेची उंची किंवा हवेतला दमटपणा बराच बदलला असेल, किंवा इलेक्ट्रोड बदलले असतील, तर आर्क कॅलिब्रेशन, म्हणजे काच वितळवणाऱ्या ठिणगीची जुळणी, करून घ्या. मशीन जॉइंट हलकेच ओढून बघतं, तेवढ्यात तुटला तर तक्रार करू नका. तिथे तुटला हे तुमचं नशीब, ट्रेमध्ये गेल्यावर तुटला असता. हीटरमधून काढलेली स्लीव्ह गरम असताना वाकवू नका, निवू द्या.

नंतरच्या दहा मिनिटांत बहुतेकांचं घोडं अडतं ते ट्रेवर. तांब्याचा माणूस केबल आवळून बांधतो, तीच त्याची शिस्त असते. फायबर आवळलं की प्रकाश बाहेर सांडतो. साधं जी-६५२ जातीचं फायबर असेल तर वळणाची त्रिज्या ३० मिलिमीटरच्या खाली आणू नका. जी-६५७ ए-२ जातीचं ७.५ मिलिमीटरपर्यंत सहन करतं, पण क्लोजरमध्ये, म्हणजे ट्रे ठेवायच्या बंद डब्यात, कुठलं फायबर कुठलं हे अंधारात ओळखत बसण्यापेक्षा सगळ्यालाच मोठं वेटोळं द्या.

माझा एक किस्सा सांगतो. खांबावरचा क्लोजर, बारा फायबर, सगळे जॉइंट ०.०२ च्या आत. झाकण लावायच्या आधी मीटरने १३१० नॅनोमीटरवर तपासलं, उत्तम. झाकण लावून खाली उतरलो आणि तासाभरात फोन आला: एक लिंक बंद. ती १५५० वर चालणारी होती. मी पुन्हा वर चढलो, 'जॉइंट फसला असणार' म्हणून त्या फायबरचा जॉइंट तोडून नव्याने केला. काहीच फरक नाही. पुन्हा केला. तिसऱ्यांदा केला, तोवर अंधार पडला होता. खालून माझा जुना सहकारी ओरडला, 'दोन्हीवर ट्रेस काढ की!' दोन्ही तरंगलांबींवर लॉसचा आलेख काढला. त्याच जागी १३१० वर लॉसची जेमतेम पायरी, आणि १५५० वर डीबीच्या वर. जॉइंट वाईट असता तर दोन्हींवर साधारण सारखाच दिसला असता. लांब तरंग वळणावर जास्त सांडतो, म्हणजे फायबर कुठेतरी दुमडलं होतं. झाकण उघडून बघतो तर ट्रेच्या तोंडाशी फायबरची नळी झाकणाच्या कडेखाली चेपलेली. तीन चांगले जॉइंट मी उगाच तोडले होते. तेव्हापासून मोजमाप झाकण लावल्यावर, आणि दोन्ही तरंगलांबींवर. लावण्याआधी मोजून उपयोग नाही.

इथेच ओटीडीआर येतो. तो फायबरमध्ये प्रकाशाचा ठोका सोडतो आणि परत येणाऱ्या अंधुक प्रकाशावरून कुठे किती लॉस झाला याचा आलेख काढतो. त्याचं 'ऑटो' बटण शिकताना दाबू नका. दाबलं तर आकडे मिळतील, समज मिळणार नाही. एवढं ध्यानात ठेवा: १० नॅनोसेकंदांचा ठोका फायबरमध्ये साधारण १ मीटर जागा झाकतो, १ मायक्रोसेकंदाचा १०० मीटर. छोटा ठोका बारकावे दाखवतो पण फार लांब पोचत नाही, मोठा लांब पोचतो पण जवळजवळचे दोन जॉइंट एकात मिसळून टाकतो. पहिल्या कनेक्टरच्या लगेच पुढे यंत्र काही क्षण आंधळं असतं, म्हणून लाँच केबल, म्हणजे यंत्र आणि लाइन यांच्या मध्ये जोडायची जादा केबल, लावल्याशिवाय पहिला कनेक्टर दिसत नाही, आणि टोकाला तशीच केबल लावल्याशिवाय शेवटचा.

कधीतरी आलेखात जॉइंटपाशी रेषा वर चढलेली दिसेल, जणू जॉइंटने प्रकाश वाढवला. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा खूश झालो होतो. तसं काही नसतं. पलीकडचं फायबर परतीचा प्रकाश थोडा जास्त फेकतं, एवढंच. दुसऱ्या टोकावरून मोजलं की तोच जॉइंट वाजवीपेक्षा वाईट दिसतो. एका बाजूने ०.०८ चढ, दुसऱ्या बाजूने ०.१६ उतार, तर खरा लॉस त्यांची सरासरी, ०.०४. मुख्य लाइनचं काम दोन्ही टोकांकडून मोजल्याशिवाय सोपवू नका.

सराव कसा करायचा, ते आता. प्रशिक्षणवर्गात दोन तुकडे जोडायला देतात, त्याने काही होत नाही. कामावरून उरलेलं बारा कोअर केबलचं शंभरेक मीटरचं बंडल मिळवा, दोन्ही टोकं हाताशी येतील असं. रंगांचा क्रम पाठ करा: निळा, केशरी, हिरवा, तपकिरी, राखाडी, पांढरा, लाल, काळा, पिवळा, जांभळा, गुलाबी, फिकट निळा. आता पलीकडच्या टोकाला पहिलं फायबर दुसऱ्याला जोडा, अलीकडच्या टोकाला दुसरं तिसऱ्याला, पुन्हा पलीकडे तिसरं चौथ्याला. असं करत गेलात की अकरा जॉइंटांनंतर १२०० मीटरचं एकच सलग फायबर तयार होतं, आणि दर शंभर मीटरला तुमचा एक जॉइंट. ओटीडीआर लावा. १३१० वर १२०० मीटरचे साधारण ०.४ डीबी आणि जॉइंटांचे जास्तीत जास्त अर्धा-पाऊण धरा. ज्या जॉइंटची पायरी आलेखात दिसतच नाही तो चांगला जमला. जी दिसते ती कुठल्या क्रमांकाची आहे ते लिहा, तोडा, पुन्हा करा.

मग मुद्दाम बिघडवा. एक जॉइंट अल्कोहोल न लावता करा. एक टोक तिरकं तुटू द्या. एका जागी फायबरचा एक वेढा पेन्सिलभोवती घाला आणि १३१० व १५५० चे आलेख शेजारी ठेवून बघा. एक कनेक्टर बोटाने पुसून लावा. प्रत्येक वेळचा ट्रेस नाव देऊन साठवा. हे बिघाडांचे ट्रेस माझ्याकडे आजही आहेत, आणि कामावर काही विचित्र दिसलं की मी आधी ते काढून बघतो.

कनेक्टरबद्दल दोनच गोष्टी. हिरव्या कनेक्टरचं तोंड आठ अंशांनी तिरकं घासलेलं असतं, निळ्याचं सरळ. ते एकमेकांना लावू नका, लॉस तर होतोच, तोंडंही खराब होतात. आणि लावण्याआधी सूक्ष्मदर्शकातून तोंड बघा, पण त्याहीआधी पॉवर मीटर लावून लाइन बंद असल्याची खात्री करा. हा प्रकाश डोळ्याला दिसत नाही, डोळा मात्र जाळतो. तुमचे जुने मदतनीस कोॲक्सच्या सवयीने टोक डोळ्यासमोर धरतील. पहिल्याच दिवशी ओरडा.

तुमचा अठरा वर्षांचा अनुभव वाया जात नाही. कॅट-सिक्समध्ये जोडीचा पीळ १३ मिलिमीटरपेक्षा जास्त न सोडणारा माणूस फायबर लवकर शिकतो, हे मी बघितलंय. मोजून काम करायची सवय त्याला आधीच असते. केबल खेचताना आवरणाला नाही, आतल्या ताण घेणाऱ्या दोऱ्यांना पकडायचं, ओढताना वळण केबलच्या जाडीच्या वीसपट आणि ठेवून दिल्यावर दहापट, हेही तुम्हाला चटकन पटेल. लेबलं लावायची शिस्त तर तुमच्याकडूनच शिकावी, फायबरवाले त्यात ढिले असतात.

किती दिवस? ते अकरा जॉइंट रोज एकदा तोडून पुन्हा करा. सलग तीन दिवस एकही पायरी ०.१ च्या वर गेली नाही, की मग एखाद्या अनुभवी स्प्लायसरच्या हाताखाली खऱ्या क्लोजरवर बसा. सुरुवातीला ट्रे लावायचं काम मागून घ्या, जॉइंट त्याला करू द्या. कोणाला दोन आठवडे लागतात, कोणाला दोन महिने. तुमच्या चार माणसांपैकी सगळ्यांना एकदम शिकवू नका. ज्याचं खोकं नेहमी आवरलेलं असतं त्याला आधी घ्या.

आणि पंचेचाळिशीचं विचाराल तर हात बसतो, डोळ्यांचं बघा. मी अठ्ठेचाळिसाव्या वर्षी चार महिने क्लिव्हरला दोष देत होतो. शेवटी सहकाऱ्याने स्वतःचा जवळचा चष्मा माझ्या नाकावर चढवला, आणि फायबर क्लिव्हरच्या खाचेत बसलेलंच नव्हतं हे मला पहिल्यांदा दिसलं.